अकोला सोडून सगळीकडे

अमरावतीतल्या माझ्या खोलीत हौशी रेडिओचं केंद्र आहे. केंद्र म्हणजे एक टेबल, एक यंत्र आणि भिंतीवर परवाना. अकोल्याच्या माझ्या साळ्यानंही परीक्षा देऊन परवाना काढला, तेव्हा आमचं रोज संध्याकाळी बोलायचं ठरलं. पण खिडकीतल्या अँटेनावरून माझा आवाज शहराबाहेरच्या वलगावच्या पुढे जाईना.

म्हणून गच्चीवर अँटेना म्हणून उंच पाइप उभा केला. बायको शिडी धरून होती.

"एवढं कायले करून राहिले? फोन लावा ना त्याले."

"फोनवर कोणीबी बोलते," मी वरून म्हटलं.

त्या संध्याकाळी इटलीतला एक माणूस स्वच्छ ऐकू आला. मग जपानचा. मी हवेतच होतो. अकोला मात्र गप्प. शेवटी साळ्याचाच फोन आला. "भाऊजी, बोलून राहिले का तुमी? इकडे नुसती खरखर हाय."

"इटलीत ऐकू गेलं."

"मंग तिकडेच सोयरीक करायची होती."

पुस्तकं चाळल्यावर उलगडा झाला. उभ्या पाइपातून निघालेल्या लहरी आभाळाला धडकून पार दूर उतरत होत्या. अकोला मधल्यामध्ये सुटत होतं. जवळ पोचायचं तर तार आडवी आणि खाली बांधायला हवी होती. मी ती आमच्या जिन्यापासून शेजारच्या काकूंच्या कडुलिंबापर्यंत ताणली. काकूंनी काही न विचारता होकार दिला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

अकोला खणखणीत लागलं. दोघांनी आपापलं जेवण झाल्याचं सांगितलं आणि विषय संपला. मग बायको मागून प्रश्न पुरवू लागली. सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी मी रीतसर "ओव्हर" म्हणून पाठवली. पण साळ्याचा आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा झाला.

बाहेर येऊन पाहतो, तर काकू तारेवर ओल्या चादरी टाकत होत्या.

"काकू, ही रेडिओची तार हाय."

"हो का? मंग आमच्या झाडाले कावून बांधली?"

मी त्यांना वेगळी दोरी बांधून दिली. तिच्यावर चादरी टाकता टाकता त्यांनी विचारलं, "आमची पोरगी तेल्हाऱ्याले दिली. तिकडे लागते का हे?"

"लागते. पण तिच्याकडेही असं यंत्र पाहिजे, तार पाहिजे."

काकूंनी जरा विचार केला. "नाई जमत मंग," त्या म्हणाल्या. "तिच्या अंगणात झाड नाई."