स्लूम

थर्झा रॉ माझी शेजारीण. तिचा नवरा जेबेझ दगडाच्या खाणीत होता. धुळीनं त्याची छाती भरली आणि पुढं त्याला आडवं पडणंच जमेना. नऊ वर्षं तो चुलीपाशी खुर्चीत बसून झोपला, ही जवळच्या बाकावर. त्याचा श्वास जरा अडकला की ही उठलीच. असल्या सावध झोपेला आमच्या यॉर्कशरच्या खोऱ्यात स्लूम म्हणतात. "झोप कसली बाई, नुसती स्लूम," असं ती रोज माझ्या दुकानात सांगायची.

गवतकापणीच्या दिवसांत एका दुपारी जेबेझ गेला. "त्याचा हात माझ्या हातात होता," असं तिनं मुलीला सांगितलं, आम्हालाही सांगितलं. मुलीला, विनीला, त्याचा मोठा आधार वाटला.

सहा वर्षांनी, एकोणीसशे त्रेपन्न साली, विद्यापीठातला हार्कर नावाचा माणूस जुने शब्द गोळा करत आला. गावचं पोस्टही माझ्याकडं, म्हणून मीच त्याला थर्झाकडं नेलं. विनी लीड्सला शिक्षिका होती, सुट्टीला आली होती. आईचं गावंढळ बोलणं परक्यासमोर निघालं की ती अवघडायची.

हार्करनं गोठ्याबद्दल विचारलं, लोण्याबद्दल विचारलं. मग म्हणाला, "बसल्याबसल्या लागते, खुट्ट झालं की मोडते, त्या झोपेला काय म्हणता?"

"डोझ," विनीनं उत्तर दिलं. "डुलकीला सगळे तेच म्हणतात."

थर्झा हळूच म्हणाली, "स्लूम."

हार्कर खुलला. हा शब्द हजार वर्षांचा आहे, त्यानं सांगितलं. पुस्तकातला 'स्लंबर' ह्याच घराण्यातला, त्यातला 'ब' जिभेच्या सोयीनं मागाहून घुसला. आता हा बोलणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एखाद्या वाक्यात घालून सांगाल का, त्यानं विचारलं.

"तो गेला त्या दुपारी माझी झोप स्लूम नव्हती," थर्झा म्हणाली. "गवत ओढून अंग मोडलं होतं. मेल्यासारखी झोपले. जाग आली तेव्हा तो गार पडला होता."

हार्करची पेन्सिल पहिल्या वाक्यावरच थांबली.

"हात धरून होतीस म्हणालीस," विनी म्हणाली.

"म्हणाले खरी."

"सहा वर्षं मी सगळ्यांना तेच सांगत आले, आई."

हार्करनं वही मिटली, चहाला नको म्हणाला आणि निघाला. विनीची सुट्टी अजून चार दिवस होती. ती दुसऱ्या दिवशीच्या बसनं गेली. पुढं नाताळला तिचं कार्ड येऊ लागलं, ती येईना.

एकदा वाटाणे सोलत बसलो असताना मी थर्झाला म्हटलं, बोलून टाकलंस ते बरं केलंस, मन हलकं झालं असेल.

"लोक म्हणतात तसं," ती म्हणाली. "मला तर काही हलकं झालं नाही, बाई. पोर तेवढी गेली."