लुईसचं तैवान

सांडोरचा लुईस तुस्कानो माझा विद्यार्थी. पुढे वसई पूर्वेला भाड्याच्या गाळ्यात त्यानं वर्कशॉप टाकलं. गिऱ्हाईक परदेशी यंत्राचा एखादा भाग आणून ठेवी; लुईस तो उघडून मापं घेई आणि तसाच दुसरा करून देई. आणलेल्या भागाला तिथं सगळे सॅम्पल म्हणत. त्यात त्याची उमेदीची वर्षं गेली.

मग नव्वदचं दशक संपता संपता त्यानं स्वतःच्या डोक्यातून एक यंत्र काढायला घेतलं, कच्च्या केळ्यांचे वेफर कापायचं. बाजारातली यंत्रं बटाट्यासाठी केलेली. वाकडं केळं त्यात अडके, चकत्या तिरक्या पडत आणि कढईत एका बाजूनं करपत. लुईसनं केळं धरणारी नळीच रबराची केली. केळं वाकेल तशी ती वाके, पात्यापाशी मात्र ते सरळ येई. रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की तो गाळ्यावर जायचा. बिघडलेल्या चकत्यांची भाजी करून करून त्याची बायको क्लेमेंटीन वैतागली होती.

यंत्र जमल्यावर तो ते नालासोपाऱ्याला अल्पेशभाईंकडे घेऊन गेला. त्यांचा वेफरचा कारखाना. त्यांनी एक चकती उजेडात धरून पाहिली.

"मस्त. सॅम्पल कुठलं?"

"सॅम्पल नाही. मीच काढलंय."

"म्हणजे आधी कुठेच चालू नाहीये?"

"पहिलं तुमच्याकडेच चालेल."

"लुईसभाई, पहिलं दुसरीकडे चालू दे ना. आपण दुसरे."

सगळ्याच कारखानदारांना दुसरं व्हायचं होतं. वर्षभर यंत्र गाळ्यात गोणपाटाखाली पडून राहिलं. शेवटी विरारच्या एकानं तोच प्रश्न विचारला तेव्हा लुईस उभ्या उभ्या थकून म्हणाला, "तैवानचं बघून बनवलंय."

विरारवाल्यानं तिथल्या तिथे ऑर्डर दिली. बातमी अल्पेशभाईंपर्यंत गेली. "आधी बोलायचं ना," असं रागावून त्यांनीही एक घेतलं.

यंत्रं चांगली चालली. लुईस मात्र मलूल होत गेला. माझ्याकडे आला की म्हणायचा, "सर, कौतुक होतंय, पण तैवानचं."

क्लेमेंटीन एकदा माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "आता मशीन चालतंय ना? मग सांग की खरं. कोण परत करणार आहे?"

त्यालाही ते पटलं. दुसऱ्याच दिवशी तो नालासोपाऱ्याला अल्पेशभाईंकडे गेला. संध्याकाळी लुईसच्या घरी ओटीवर मी केळफूल निवडणाऱ्या क्लेमेंटीनशी बोलत होतो, तेवढ्यात तो परतला. चपला काढून तो खालच्या पायरीवरच बसला.

"सांगितलं?" तिनं विचारलं.

"मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, माझा साडू तैवानला चाललाय, ओरिजिनल मशीनचा नंबर द्या. कॉपी चांगली आहे, पण ओरिजिनल ते ओरिजिनल."

"मग?"

"मी म्हटलं, ओरिजिनल हेच. तैवानला काही नाहीये."

"मग काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, कंपनीचं नाव सांगायचं नसेल तर नका सांगू, धंदा आहे, मी समजू शकतो."

क्लेमेंटीनचे हात थांबले.

"अजून एक बनवायला सांगितलंय," लुईस म्हणाला आणि हातपाय धुवायला मागच्या दारी गेला.