एकाच ओंडक्यातल्या माश्या

लंडनच्या एका म्युझियममध्ये मी किड्यांना टाचण्या टोचायचं आणि लेबलं लावायचं काम करत होते. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. आमचे विभागप्रमुख दक्षिण अमेरिकेतल्या सोल्जर फ्लाय या माश्यांचे मोठे जाणकार. तरुणपणी त्यांनी इक्वेडोरच्या जंगलातून एक काळीभोर माशी आणून ती नवी जात म्हणून जाहीर केली होती.

एकदा ट्रे आवरताना मला शंका आली. ही काळी माशी आणि कितीतरी आधी नाव मिळालेली एक पिवळी माशी, दोघींचे नर मायक्रोस्कोपखाली हुबेहूब सारखे. फरक फक्त रंगाचा. मी मीटिंगमध्ये तसं म्हटलं. ते हसून म्हणाले, "तुमचा हात छान आहे. टाचण्या तुम्ही टोचा, विचार आम्ही करतो."

सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

वॉटफर्डला घरी पोचेपर्यंत ठरलं होतं, ती काळी माशी वेगळी नाहीच हे सिद्ध करून यांची जात मी बुडवणार.

"अगं, माशीवरून कसला सूड उगवतेस? सोड ना," नवरा म्हणाला.

"नाही सोडणार."

दोन हिवाळे माझे शनिवार त्यात गेले. पिवळी, तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांची, काळी, मधल्या सगळ्या छटा सापडल्या. मग कपाटाच्या तळाशी एक डबा मिळाला. त्यात पिवळ्या माश्या, आणि लेबलावर विभागप्रमुखांचं अक्षर. काळ्या माश्या ज्या कुजक्या ओंडक्यातून निघाल्या, त्याच ओंडक्यातून, त्याच आठवड्यात या निघालेल्या. काळ्यांना त्यांनी नाव दिलं आणि यांना बाजूला सारलं.

मी सेमिनारमध्ये तो डबा दाखवला. ते पहिल्या रांगेत होते.

"या पिवळ्या कुठल्या?"

"तुमच्याच ओंडक्यातल्या, डॉक्टर. अक्षरही तुमचंच आहे."

कुणीच हसलं नाही. मी मात्र कुणीतरी हसावं म्हणून वाट बघत होते.

माझा लेख छापून आला. दोन्ही माश्या एकच जात ठरल्या, पिवळीचं जुनं नाव राहिलं आणि त्यांनी काळीला दिलेलं नाव रद्द झालं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. हळूच म्हणाले, "ते माझ्या आईचं नाव होतं."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "माहीत असतं तरी मी थांबले नसते."

ते वळून गेले. मला वाईट वाटायला हवं होतं. मी स्टेशनजवळच्या भारतीय मिठाईच्या दुकानातून गरम जिलबी घेतली आणि घरी जाईपर्यंत थांबलेही नाही, प्लॅटफॉर्मवरच उभ्या उभ्या खाल्ली.