ढाक्याची सवत

गोदूच्या नवऱ्याने कधी दुसरी केली नाही. बिचाऱ्यात तेवढी हिंमतच नव्हती. तरी पन्नाशी गाठता गाठता गोदूला सवत भेटलीच, आणि तीही थेट ढाक्याची. बेलवलीतल्या गोदूने तिला कधी पाहिलं नव्हतं, तिचं नावही ठाऊक नव्हतं. पण भाकरी थापताना, अंथरुणावर पाठ टेकताना तिच्या नावाने जळणं काही थांबत नव्हतं.

तसा गोदूचा स्वभाव मुळातच जळका. धाकट्या जावेकडे मोठा मिक्सर आला, तेव्हा हिने आठवडाभर चटणी पाट्यावर वाटली होती, उगाच ठसक्यात. पण शिलाईच्या बाबतीत कुणावर जळायची वेळ तिच्यावर आली नव्हती. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात टेकचंद शेठचा जीन्सचा कारखाना. गोदू तिथे लग्नानंतर धागे कापायला लागली, मग मशीनवर बसली आणि हळूहळू सँपल शिवणारी झाली. बाहेरची पॅन्ट आणायची, टाका न् टाका उसवून तिचे तुकडे सुटे करायचे, त्यावरून कागदी पॅटर्न कापायचे आणि हुबेहूब तशी पॅन्ट शिवायची, ही कॅम्पातली रीत. उसवायचं आणि पहिली पॅन्ट शिवायचं काम गोदूचं. कुठकुठल्या देशांच्या पॅन्टी तिने उसवल्या आणि प्रत्येकीला नावं ठेवली.

एक दिवस शेठने दोन पॅन्टी तिच्यापुढे टाकल्या.

"गोदूबाई, ये देखो. बांगलादेशचा माल. एक उसवायला, एक मिळवून बघायला. दौलतराव बोलतात, आता हाच पाहिजे."

कराडचे दौलतराव हे कारखान्याचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या दुकानांच्या मालावरच अर्धी मशीनं फिरायची. त्यांनी सांगितलं होतं, याच भावात जशीच्या तशी द्या, तुमच्याकडून घेतो. नाहीतर हाच माल मागवतो.

"जमलं नाही तर शिलाई बंद," शेठ म्हणाला. "मग मी पण तोच माल आणून विकणार. मशीन काय चाटायच्या? पॅकिंगला दोन पोरी बस झाल्या. इसलिए सेम बनाव. कमी नको, जास्त पण नको."

गोदू उसवायला बसली. कमरेचा पट्टा निघाला, खिसे निघाले. टाके एकसारखे, शिलाई सरळ. कोपऱ्यात तरी चुकली असेल बया, म्हणून तिने कोपरे उलटून पाहिले. बया कोपऱ्यातही चुकली नव्हती. गोदूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेजारच्या मशीनवरच्या किर्तीने मोबाईलवर तिकडच्या कारखान्याचा व्हिडिओ दाखवला. केवढा तरी हॉल आणि त्यात बायांच्या रांगाच रांगा. "मावशी, तिथे एकेकीला एकच काम असतं. ही बघ, ही दिवसभर नुसता डावा खिसा लावते."

"डावा खिसा तर मी झोपेत लावीन," गोदू फणकारली. तरी त्या सगळ्या बायांची मिळून तिने मनात एकच बाई केली. गोरीपान, सडपातळ, पाठ न दुखणारी. रात्रंदिवस मग तिच्याशीच भांडण.

त्याच आठवड्यात सुयोग पेढे घेऊन आला. हा तिचा थोरला, अंबरनाथला रंगाच्या कंपनीत कामाला. "आई, पर्मनंट झालो! ऑर्डरीच एवढ्या आहेत. बांगलादेशला ड्रमच्या ड्रम चाललेत, तिकडे कापड जोरात आहे ना."

गोदूच्या घशात पेढा अडकला. "म्हणजे तिच्या पॅन्टीला रंग माझ्या घरातून जातो?"

"रंग जातो, सूत जातं, आणि तिकडून शिवलेला कपडा येतो. धंदा असाच चालतो, आई. त्या बाया तरी कुठे सुखात असतील? ऑर्डर गेली की त्या पण घरी बसतात."

"बसू देत," गोदू म्हणाली, आणि तिने दुसरा पेढा उचलला. लेकाचं भलं झाल्याचा आनंद होताच की तिला! पण तो आनंद सवतीच्या हातून आला, हे काही गळ्याखाली उतरेना.

मग ती सँपल शिवायला बसली. शेठचं बजावणं कानात होतं, पण जळणारा हात कुणाचं ऐकतो? तिथे एक शिलाई होती, हिने दोन घातल्या. तिथे खिशाला पातळ अस्तर होतं, हिने जाड सुती लावलं. पट्टा तर तिने कितीदा उसवून पुन्हा शिवला.

"मावशी, एवढं आतलं कोण बघतंय?" किर्ती म्हणाली.

"ती बघेल," गोदू म्हणाली.

दौलतराव आले. शेठने दोन्ही पॅन्टी टेबलावर मांडल्या. दौलतरावांनी एक उलटली, दुसरी उलटली, आणि गोदूच्या पॅन्टीवर त्यांचा हात थांबला. अस्तर चिमटीत धरून पाहिलं, पट्टा ताणून पाहिला.

"वा! ही कुणी शिवली?"

"हमारी गोदूबाई!" शेठ फुलला. गोदूने पदर सावरला. आता दिसू दे म्हणावं ढाक्याला.

"मावशी, याच्यापुढे तो माल काहीच नाही," दौलतराव म्हणाले. गोदूचं काळीज सुपाएवढं झालं. "पण शेठ, मी मागितली होती जशीच्या तशी. ही तर भारी झाली. या भावात ही तुम्हाला परवडायची नाही. आज असं सँपल दाखवाल, आणि उद्या गठ्ठ्याने माल देताना हात आखडाल. या धंद्यात केस पिकले माझे, मी तिकडूनच मागवतो. राग मानू नका."

शेठने गोदूकडे पाहिलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

दौलतरावांनी गोदूची पॅन्ट घडी करून आपल्या बॅगेत घातली. "ही मात्र नेतो हां. आमच्या पोराला, यज्ञेशला, बरोबर बसेल."

"साहेब, ती इथेच ठेवा," गोदूच्या तोंडून निघून गेलं. "सँपल आहे ती."

"अहो मावशी, आता सँपल कशाला लागतंय?"

ते गेले. मशीनं चालू होती. कुणाला अजून काही ठाऊक नव्हतं. टेबलावर एकटी ती दुसरी पॅन्ट उरली होती. गोदूने ती उचलली, झटकली, घडी घालून शेठच्या हातात दिली. घडी मात्र मुद्दाम वाकडी घातली.