नोंद क्रमांक एक

"सांग ना सगळ्यांना, खोटी आहे ती मुलगी."

असं म्हणून सरांनी माइक माझ्या हातात दिला. डोंबिवलीतला हॉल, रविवारची सकाळ. समोर खुर्च्या गच्च भरलेल्या. आणि माझ्या मागे पांढऱ्या पडद्यावर माझ्या ताईचा चेहरा. माणसाएवढा मोठा.

मी माइक घेतला. म्हणाले, "हो. खोटी आहे. टेस्टिंगसाठी टाकलेली."

हॉल हसला. सुटलो एकदाचे, असा हसला. शेवटून दुसऱ्या रांगेत भिंतीला लागून माझी ताई बसलेली. खरी. चॉकलेटी साडीत, मांडीवर पर्स धरून. ती हसली नाही.

आता पहिल्यापासून सांगते.

अठ्ठ्याण्णव साल. मी कल्याणला कम्प्युटरचा कोर्स केलेला आणि डोंबिवलीत नोकरीला लागलेले. नोकरी म्हणजे काय, मेडिकलच्या दुकानावर एक खोली, दोन कम्प्युटर, एक फोनलाइन. फोन आला की इंटरनेट तुटायचं, इंटरनेट लावलं की फोन बंद. तिथे आम्ही लग्नं जुळवायची वेबसाइट बनवत होतो. वेबसाइट म्हणजे काय ते शेजाऱ्यांना सांगता सांगता माझी जीभ दमायची. शेवटी मी सांगायचे, अहो, वधूवर सूचक मंडळच, पण टीव्हीसारख्या डब्यात. मग पटायचं.

सर म्हणजे मालक. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनीच मोठे. वडिलांचा एमआयडीसीत फेज टूला कारखाना, स्वतः अमेरिकेत दोन वर्षं राहून आलेले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. माझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत. माझ्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी मागून खायचे. "मी जातबीत मानत नाही," हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी यायचंच.

प्रोग्राम सगळा माझा. प्रत्येक खिडकी, प्रत्येक बटण. जातींची यादी करायला बसलो तेव्हा मी विचारलं, "सर, एबीसीडीने लावू?"

"नको गं. आधी आपली, मग बाकीच्या."

आपली! मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना कळलंसुद्धा नाही काय बोलले ते. त्या यादीत बौद्ध नव्हतंच. सगळ्यात खाली 'इतर' होतं, त्यात आम्ही. संध्याकाळी सर गेल्यावर गुपचूप यादीत 'बौद्ध' घातलं. गुपचूप! स्वतःची जात लिहिताना चोरासारखी दाराकडे बघत होते मी. घरात मी एवढी तापट की आई म्हणायची, हिच्यासमोर बोलायचं म्हणजे विस्तवाशी खेळ. आणि तिथे शेपूट घातलेलं.

कुठलाही प्रोग्राम केला की त्यात खोट्या नोंदी भरून बघतात, चालतोय का ते. मी पण भरल्या. नाव एबीसी, गाव एक्सवायझेड. पण पहिली नोंद करताना काय झालं कुणास ठाऊक, बोटांनी ताईचंच सगळं टाइप केलं. वय एकोणतीस. बी.एस्सी. बी.एड. कल्याणला शाळेत शिक्षिका. उंची, रंग, आवडी, सगळं मला पाठ. तिच्या शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो स्कॅन करून लावला. खोटं कशाला बोलू, मनात होतंच माझ्या. बाबा गेल्यावर या ताईने मला वाढवलं. शाळा सुटल्यावर घरोघरी शिकवण्या करून मला कोर्सला घातलं. कुणी बघायला येतो म्हणाला की म्हणायची, हिचं होऊ दे आधी. वाटलं, उद्या वेबसाइट सुरू होईल, कुणी चांगला माणूस बघेल. ताईला न सांगता टाकलं. विचारायचं मला सुचलंच नाही.

सरांचं एक म्हणणं होतं. दुकान उघडायच्या आधी दुकानाचं नाव लोकांच्या तोंडी पाहिजे. ज्या दिवशी वेबसाइट सुरू होईल त्या दिवशी लोक वाट बघत असले पाहिजेत. म्हणून महिनाभर आमची धावपळ. स्टेशनबाहेर हँडबिलं वाटली. केबलवर सिनेमाच्या खाली पट्टी फिरवली, 'लवकरच येत आहे'. हँडबिलावरचा मजकूर माझा. 'सर्वांसाठी खुलं', मीच लिहिलेलं. आणि मग सर म्हणाले, दिवाळीनंतर आमच्या ज्ञातीचा वधूवर मेळावा असतो, तिथे डेमो देऊ. तीनशे घरं एका ठिकाणी, याहून चांगली प्रसिद्धी कुठे मिळणार?

आदल्या दिवशी मी खोट्या नोंदी सगळ्या काढल्या. एबीसी गेली, एक्सवायझेड गेली. ताईची राहिली. ती माझ्या लेखी खोटी नव्हतीच ना, म्हणून डोळ्यांना दिसलीच नाही. आणि वर मी ताईला म्हणाले, "ये ना गं, माझं काम बघायला." ती हौसेने साडी नेसून आली.

सरांनी पडद्यावर शोधून दाखवलं. वधू, पदवीधर, शिक्षिका. बटण दाबलं आणि नोंद क्रमांक एक उघडली. ताई! तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एक बाई उठून उभ्या राहिल्या.

"अय्या, थांबवा, थांबवा. किती गोड आहे हो. माझा मुलगा बंगलोरला असतो. पत्रिका आहे का हिची?"

आमच्या वेबसाइटवर आडनाव दिसायचं नाही, ते संपर्क केल्यावरच कळायचं. ही सरांची कल्पना. सर खूश. म्हणाले, "बघा, सुरू व्हायच्या आधीच स्थळ!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर पान खाली सरकवत गेले. शिक्षण. नोकरी. आवडी. आणि मग जातीचा रकाना.

टाळ्या थांबल्या. त्या बाई अशा खाली बसल्या की खुर्ची करकरली. मेळाव्याचे एक काका मागून म्हणाले, "अहो, हे काय? आपल्या मेळाव्यात हे कसं आलं?" म्हणजे मुलगी तीच. गोड तीच. बी.एड. तेच. एक शब्द वाचला आणि ती 'हे' झाली.

सर हसत म्हणाले, "काका, टेस्ट एन्ट्री आहे ती. अशी कुणी मुलगीच नाही. फोटो कुठल्या तरी मासिकातला असेल." सरांना खरंच माहीत नव्हतं ती कोण आहे. पण मला माहीत होतं. आणि माइक माझ्याकडे आला.

ताईच्या शेजारी बसलेली बाई एकदा पडद्याकडे आणि एकदा ताईकडे बघत होती. मी तेही पाहिलं. तरी मी म्हणाले, खोटी आहे.

"काढून टाक," सर म्हणाले. मी डिलीटवर गेले. कम्प्युटर विचारतो, नक्की काढायचं का? हो, नाही. तो प्रश्नही मीच लिहिलेला, कुणाच्या हातून चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून. मी 'हो' दाबलं. तीनशे घरांसमोर माझी बहीण पडद्यावरून गेली.

घरी आल्यावर ताईने साडी बदलली, घडी घातली, ट्रंकेत ठेवली. मी रडत होते. ती नाही रडली.

"ते लोक तसेच आहेत, त्यांचं मला नवल नाही," ती म्हणाली. "पण तू मला न विचारता चार लोकांत उभी केलीस. आणि उभी केलीस ती केलीस, वर म्हणालीस अशी कुणी नाहीच. कुणाचं नाव घालायची एवढी हौस असेल ना, तर स्वतःचं घाल."

एवढंच. नंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली. डबा भरला, चावी ठेवली, संपलं. मला वाटायचं, मार एक थोबाडीत, पण बोल.

सोमवारी सर काय म्हणाले असतील? "छान सांभाळलंस गं काल. प्रसंगावधान म्हणतात ते हेच." मी सांगितलं, ती माझी सख्खी बहीण आहे. त्यांचा चेहरा पडला. खरंच पडला. मग दोन मिनिटांनी म्हणाले, "सॉरी. पण तूही आधी सांगायला हवं होतंस ना. आणि असं बघ, पुढे आपण तुमच्या लोकांसाठी वेगळं पान करू. खाली लिंक देऊ. तिथेही पुष्कळ स्थळं मिळतील."

खाली! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तरी त्या दिवशीही मी मान हलवून कामाला बसले. स्वतःचीच शिसारी आली.

सुरू व्हायला आठवडा राहिला. सरांनी ठाण्यात माजिवड्याला एका हॉटेलात पत्रकार बोलावले. म्हणाले, "पेपरवाल्यांना गोष्ट लागते. कल्याणच्या चाळीतली मुलगी, वडील नाहीत, हिने एकटीने वेबसाइट बनवली. तू दोन मिनिटं बोल. फक्त आडनाव नको सांगू, नुसतं नाव पुरे."

"का?"

"अगं, उगाच वेगळा विषय निघतो."

म्हणजे माझी चाळ चालते. मेलेला बाप चालतो. माझी अक्कल तर चालतेच. आडनाव तेवढं बाहेर चपलांपाशी काढून यायचं. मी "बरं" म्हणाले. पण ते 'बरं' सरांसाठी नव्हतं.

माजिवड्याला सहा पत्रकार आले. बटाटेवडे झाले, कॉफी झाली. सरांनी तसंच शोधून दाखवलं. वधू, पदवीधर. बटण दाबलं. नोंद क्रमांक एक. माझा फोटो. वर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मोठ्या अक्षरांत. आडनाव दिसेल असं मीच आदल्या रात्री करून ठेवलेलं. जात बौद्ध. व्यवसायाच्या पुढे लिहिलेलं: 'ही वेबसाइट मी बनवली.'

मी माइक घेतला, कुणी द्यायची वाट बघितली नाही. म्हणाले, "ही नोंद खरी आहे. मी इथे उभी आहे, बघून घ्या. डोंबिवलीच्या मेळाव्यात मी अशाच माइकवरून माझ्या बहिणीला खोटी म्हणाले, कारण रकान्यात हाच शब्द होता. ते मी खोटं बोलले. या वेबसाइटवर आमची जागा खालच्या पानावर असणार आहे, तेही लिहून घ्या."

माझा आवाज नाही कापला.

सरांनी प्रोजेक्टरसमोर हात धरला. त्यांच्या पाच बोटांची सावली माझ्या तोंडावर पडली. "जरा टेक्निकल प्रॉब्लेम आहे," ते पत्रकारांना म्हणाले. मग मला हळूच, "काढ ते. आत्ता काढ."

मी माइकवरच उत्तर दिलं. "तुम्ही काढा. या वेळी 'हो' मी दाबणार नाही."

त्यांना बटण सापडेना. दीड वर्ष मालक होते, पण कुठे काय आहे ते माहीत नव्हतं. सापडलं तेव्हा त्यांनी दाबलं. सहा माणसांसमोर दाबलं. मी कागदावर सगळे पासवर्ड लिहून दिले, चोर म्हणायला जागा ठेवली नाही, आणि निघाले. जिन्यात एक म्हातारे पत्रकार मागून आले. आडनाव परत विचारलं, लिहून घेतलं. पेपरात काही आलं नाही. आलं ते सरांचं, फोटोसकट, 'डोंबिवलीच्या तरुणाची झेप'. वेबसाइट चालली म्हणे. चालू दे.

ताईला सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता तरी जवळ घेईल. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "माजिवड्याला बोललीस. चांगलं केलंस. पण मला खोटी म्हणालीस ती डोंबिवलीत. त्या हॉलमध्ये मी अजून खोटीच आहे."

या गोष्टीला वर्ष झालं. दुसरी नोकरी लागली, पगार बरा आहे, पण मी अजून ताईच्या आधी जेवून उठते.

काल केबलवर पट्टी फिरत होती. त्याच ज्ञातीचा वधूवर मेळावा, तोच हॉल, येत्या रविवारी, सकाळी दहा. मी ताईपाशी गेले. या वेळी आधी विचारलं. "मी जाते तिथे. उभी राहते आणि सांगते, गेल्या वर्षी पडद्यावर दिसली ती मुलगी आहे, माझी बहीण आहे. सांगू का? नाही म्हणालीस तर नाही जाणार."

ती म्हणाली, "मी येणार नाही. मला त्यांची तोंडं बघायची नाहीत. तू जा. पण नाव घेशील ते अर्धं घेऊ नकोस. आडनावासकट घे."

माइक मला कुणी देणार नाही. हात धरून बाहेर काढतील, काढू देत. दारापर्यंत नेईपर्यंत तिचं पूर्ण नाव तीनदा घेऊन होतं. मी घरी घेऊन बघितलंय.

रविवारी मी साडेनऊलाच जाणार आहे. पुढच्या रांगेत बसायला.