ओलं गोणपाट

नेरूळच्या बाजारात करावे गावातली एक मावशी जिवंत चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, विकते. टोपलीवर ओलं गोणपाट असतं. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी ती बोलणं मध्येच थांबवते, कॅनमधलं खाडीचं पाणी गोणपाटावर शिंपडते आणि मग राहिलेलं वाक्य पुरं करते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा सकाळी नेलेल्या चिंबोऱ्या संध्याकाळपर्यंत ताज्या राहाव्यात म्हणून मी नळाच्या पाण्याच्या बादलीत सोडल्या. संध्याकाळी पाहिलं तर सगळ्या मेलेल्या. पुढच्या रविवारी मी तक्रार केली.

"बादलीत बुडवल्यास?" ती म्हणाली. "अरे, त्यांना पन श्वास हाय. साचल्या पान्यातली हवा सरली की गुदमरतात. त्यांना नुसती ओल पायजे."

मी मान डोलावली आणि पुन्हा सहा मागितल्या. तिनं एकेक उलटी करून पोटात सुरीचं टोक खुपसलं, पाय हलायचे थांबेपर्यंत धरून ठेवली आणि मगच पिशवीत टाकली.

तेव्हापासून इतरांना ती जिवंत देते, मला मारून. आता मला कळलंय, नीट ठेवीन, असं मी तिला दोनदा सांगितलं. ती "हो" म्हणते आणि सुरी उचलते.