बेचाळीस पावलांवरचं घर

आमच्या गावच्या मंडळाच्या बातम्या मी लिहिते. एसटी थांब्यावरच्या फळ्यावर खडूने आणि मोबाईलच्या ग्रुपवर बोटाने. वेशीचा सौर दिवा बंद आहे, बिबट्याचे ठसे दिसलेत तर गोठ्याची दारं लावून घ्या, सभागृहाला पंखे बसले, असं सगळं. अक्षर बरं आहे आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

त्या वैशाखात मी लिहिलं : 'गाळाचा धोका ओळखून यापुढे वार्षिक बैठक सभागृहात घेण्याचा विचार आहे. खालच्या गावातली यंदाची बैठक शेवटची. हरकत असल्यास तिथेच मांडावी.'

खालचं गाव म्हणजे भाटघरच्या पाण्यात गेलेलं आमचं जुनं गाव. धरण झालं तेव्हा माझ्या सासूबाईंचाही जन्म नव्हता. पण उन्हाळ्यात पाणी पार तळाला जातं, तेव्हा देवळाच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि सगळं गाव बैठकीला तिथे उतरतं. प्रत्येक घरातलं थोरलं माणूस आपलं घर जिथे होतं तिथे जाऊन बसतं. भिंत नाही, उंबरा नाही, नुसता भेगाळलेला गाळ. शेवटच्या पायरीपासून कुठल्या दिशेला किती पावलं, हे सासू सुनेला सांगून ठेवते. आणि जागेवर बसलेल्या घराचंच म्हणणं बैठकीत धरतात. मला हा सगळा खुळ्यांचा बाजार वाटायचा. त्यात मागच्या खेपेला एक रेडकू गाळात रुतलं, दोर लावून काढावं लागलं. तेव्हापासून अध्यक्षांनी बैठक वर न्यायचा धोशा लावला होता.

बातमी मी सासूबाईंना वाचून दाखवली.

"म्हंजी माजं घर गेलंच की," त्या म्हणाल्या.

"आत्या, ते कवाच गेलंय. तुमी तरी बगितलंय का?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. गुडघ्यांनी दगा दिलेला, उतरणीवर धरायला काही नाही. तरी मरायच्या आधी आणखी एकदा आपल्या जागेवर बसायचं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि तीच मी फळ्यावर बंद करून आले होते. मला फार वाईट वाटलं, पण कबूल करायला जीभ रेटेना.

बैठकीच्या सकाळी त्यांनीच हाक मारली. "यंदा तू जा. शेवटच्या पायरीवरनं उगवतीला तोंड कर. सरळ बेचाळीस पावलं. आन् सांग, माज्या घराची हरकत हाय."

गेले. धोक्याच्या जागी मंडळाने काठ्यांना लाल फडकी बांधली होती, माझ्याच जुन्या साडीची. मी मोजत निघाले. तिशी ओलांडली तेव्हा फडकी मागे पडली, तरी मी आपली मोजतेच आहे. चाळिसाव्याला गुडघ्यापर्यंत आत गेले.

"अवो वहिनी, घर सोडून नदीला निगालात का?" कुणीतरी ओरडलं आणि अख्खी बैठक हसली. दोघांनी दोर टाकून मला ओढून काढलं. चपला गाळातच राहिल्या.

आमच्या शेजारघरची म्हातारी आपल्या जागेवर बसून सगळं बघत होती. "ती पावलं तुज्या सासूची हायती, पोरी," ती म्हणाली. "ती बुटकी, तू ही एवडी ताडमाड. मागं ये, माज्या बाजूला."

पुन्हा पायरीपासून निघाले, तिच्या रोखाने. अठ्ठाविसाव्या पावलाला अनवाणी टाचेखाली दगड लागला. खाली बसून गाळ सारला. उखळ होतं. जमिनीत पुरलेलं, काठ लोण्यासारखा गुळगुळीत. हात घातला तर मनगटाच्या वरपर्यंत आत गेला. इतकं खोल झिजायला किती बायकांनी कांडलं असेल! आणि एवढी वर्षं पाण्याखाली राहून ते जागचं हललं नव्हतं.

मान वर केली. माणसं दोन्ही बाजूंना ओळीने बसली होती, मधे बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी सोडून. ती वाट कुणी आखली नव्हती. कुणीच न पाहिलेली आळी माणसांच्या नुसत्या बसण्याने उभी राहिली होती. इतकी वर्षं मी ह्या गावाच्या बातम्या लिहीत होते आणि गाव आज पहिल्यांदा बघत होते. माझा हात उखळातून निघेना.

"हरकत हाय," मी म्हणाले.

"बातमी तर तुमीच लिवली," अध्यक्ष म्हणाले.

"लिवली. चुकलं माजं. गाळाचं भ्या खरं हाय, आत्ताच बगितलं सगळ्यांनी. मंग वाट बांधा की. फरश्या टाका, धरायला पाइप लावा. गाव कशाला हलवताय?"

मग एकेका घराच्या जागेवरून हात वर होत गेले. शेवटी अध्यक्षांनीही, आपल्या जागेवरूनच, हात वर केला. सभागृहाच्या उरलेल्या फरश्या श्रमदानाने आठवड्यात खाली आल्या.

पाणी पुन्हा चढायच्या आत मी सासूबाईंना घेऊन गेले. एका हाताने पाइप, दुसऱ्या हाताने मी. शेवटच्या पायरीवर त्यांनी उगवतीकडे तोंड केलं आणि मोठ्याने मोजायला लागल्या. आता त्यांचं पाऊल वीतभरच पडत होतं. बेचाळीस म्हणून त्या थांबल्या तेव्हा निम्मी वाटही झाली नव्हती. त्यांनी चहूकडे पाहिलं.

"घर कुठं गेलं गं?"

मी त्यांना तसंच पुढे नेलं आणि उखळापाशी बसवलं. त्यांनी गाळ काढला, काठावरून बोटं फिरवली, बराच वेळ फिरवली.

"तुजी किती झाली?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीस," त्यांनी दोनदा पुटपुटून पाहिलं. "मंग बेचाळीस इसर आता. ती माजी व्हती."